छातीतले पहारेकरी

संयुक्त अरब अमिराती म्हटले की डोळ्यांसमोर दुबईच्या उंच इमारती, सोन्याचा बाजार आणि तेलाच्या विहिरी उभ्या राहतात. आपल्या बेटावरून तेथे नोकरीला गेलेली मुले-मुली आज बऱ्याच कुटुंबांत आहेत. आणि आपले पूर्वज ज्या कोकणातून मॉरिशसला आले, त्या कोकणातही 'मुलगा गल्फला असतो' हे वाक्य घरोघरी ऐकू येते. परंतु आज त्या देशात झालेल्या एका निराळ्याच कामाची ओळख वाचकांना करून द्यावी, असे आम्ही योजले आहे. हे काम बेडकांच्या कातडीवर झाले, आणि त्याचा संबंध आपल्या प्रत्येकाच्या छातीशी आहे.

अबू धाबीच्या अमिरातीत, ओमानच्या सरहद्दीला लागून, अल् ऐन नावाचे शहर आहे. भोवती वाळवंट, मध्ये खजुराच्या बागा, आणि त्या बागांना 'फलज' नावाच्या जुन्या पाटांनी खेळवलेले पाणी. संयुक्त अरब अमिराती विद्यापीठ १९७६ मध्ये याच शहरात स्थापन झाले. त्या विद्यापीठाच्या वैद्यक शाखेत प्राध्यापक जे. मायकेल कॉनलन आणि त्यांचे सहकारी यांनी अनेक वर्षे निरनिराळ्या देशांतील बेडकांच्या कातडीतून जंतुनाशक द्रव्ये शोधून काढली. गंमत अशी की, त्या देशात बेडूकवर्गातले मूळचे प्राणी अवघे दोन जातींचे आहेत, आणि ते दोन्ही खरखरीत कातडीचे भेक आहेत. आपल्या मॉरिशसमध्ये तर मूळचा एकही नव्हता. पावसाळ्यात आपल्या अंगणात उड्या मारणारा मोठा भेक १९२२ मध्ये उसावरील किडे खाण्यासाठी दक्षिण आफ्रिकेतून आणलेला आहे.

वाळवंटातील विद्यापीठाने बेडकांच्या मागे का लागावे? याचे उत्तर समजण्यासाठी आधी आपल्या फुप्फुसांत काय चालते ते पाहावे लागेल.

दहा हजार लिटर हवा

निरोगी प्रौढ माणूस दिवसाला सुमारे दहा हजार लिटर हवा आत घेतो. ही हवा श्वासनलिकेतून, तिच्या फांद्या-उपफांद्यांतून, शेवटी वायुकोशांत पोहोचते. वायुकोश म्हणजे द्राक्षांच्या घडासारखे लागलेले अतिसूक्ष्म फुगे. दोन्ही फुप्फुसांत मिळून ते कित्येक कोटी असतात. ते उलगडून पसरले तर शाळेच्या एका मोठ्या वर्गाची जमीन झाकली जाईल. इतक्या मोठ्या जागेवर प्राणवायूची देवघेव चालते, आणि तेथील पडदा इतका पातळ असतो की जंतूला आत शिरायला फारसा अडथळा नसावा असे वाटते.

हवेबरोबर धूळ येते, धूर येतो आणि जंतूही येतात. रात्री झोपेत घशातील थोडी लाळ नकळत खाली उतरते, तिच्याबरोबरही जंतू जातात. न्युमोनियाचा सर्वांत नेहमीचा जंतू न्युमोकोकस. तो तर कित्येक निरोगी मुलांच्या नाकात-घशात मुक्कामाला असतो. मग आपल्याला रोज न्युमोनिया का होत नाही? वर्गात हा प्रश्न विचारला की मुले सांगतात, 'पांढऱ्या पेशी जंतूंना खातात.' उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. पांढऱ्या पेशींची फौज रक्तातून फुप्फुसात यायला काही तास लागतात. फौज येईपर्यंत दार कोण सांभाळते?

नाकातील केस, चिकट शेंबूड आणि तो सतत वर ढकलणारी श्वासनलिकेतील सूक्ष्म लव ही पहिली फळी आपण पुस्तकात वाचलेली असते. तिच्यासोबत तेथेच दुसरी एक फळी उभी असते. श्वासमार्गाच्या अस्तरावर द्रवाचा पातळ थर असतो. त्या थरात जंतुनाशक द्रव्ये विरघळलेली असतात, आणि ती आपल्याच पेशी तयार करतात. त्यांतील सर्वांत लहान आणि चपळ द्रव्यांना जंतुनाशक पेप्टाइडे म्हणतात.

पहारेकऱ्यांचा शोध कसा लागला

प्रथिने ही अमिनो आम्लांची बनलेली असतात. मणी ओवून माळ करावी तशी अमिनो आम्ले एकापुढे एक जोडली की प्रथिन होते. माळ लांब असेल तर प्रथिन, आखूड असेल तर पेप्टाइड, इतका साधा भेद लक्षात ठेवला तरी पुरे.

पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग आपल्याला माहीत आहेत. परंतु पेनिसिलिनच्या आधी, १९२२ मध्ये, त्यांनी दुसरा एक शोध प्रसिद्ध केला होता. सर्दी झालेल्या माणसाच्या नाकातील पाण्यात, तसेच अश्रूंत आणि लाळेत, काही जंतूंना विरघळवून टाकणारे द्रव्य असते असे त्यांना आढळले. त्याला त्यांनी लायसोझाइम असे नाव दिले. ते पेप्टाइड नव्हे, मोठे प्रथिन आहे. पण शरीर स्वतःच जंतुनाशक औषध बनवते ही गोष्ट त्यामुळे प्रथम ठळकपणे पुढे आली. पुढे पेनिसिलिनने सारे जग जिंकले आणि या घरच्या औषधाकडे फार थोड्यांचे लक्ष राहिले.

१९८०च्या सुमारास स्वीडनमधील हान्स बोमन यांनी एका पतंगाच्या कोषात जंतू टोचून पाहिले. पतंगाजवळ आपल्यासारख्या प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशी नसतात, तरी तो जगला. त्याच्या रक्तरसातून बोमन यांना सेक्रोपिन नावाची पेप्टाइडे मिळाली. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातील रॉबर्ट लेहरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या पांढऱ्या पेशींतून अशीच पेप्टाइडे वेगळी केली व त्यांना डिफेन्सिन, म्हणजे संरक्षक, असे नाव दिले.

बेडूक या कथेत १९८७ मध्ये येतो. अमेरिकेतील मायकेल झॅसलॉफ हे संशोधक आफ्रिकेतील एका पाणबेडकाची अंडी काढण्यासाठी त्याच्यावर लहानशी शस्त्रक्रिया करीत आणि बेडकाला परत टाकीत सोडीत. टाकीतील पाणी जंतूंनी भरलेले असे. तरीही जखम न चिघळता भरून येई. हे रोजचे दृश्य पाहून त्यांना प्रश्न पडला, आणि शोध घेता बेडकाच्या कातडीत दोन पेप्टाइडे सापडली. हिब्रू भाषेत ढालीला जो शब्द आहे त्यावरून त्यांनी नाव दिले मॅगेनिन.

त्यानंतर माणसाच्या शरीराचा शोध जोमाने सुरू झाला. १९९५ मध्ये एलएल-३७ हे पेप्टाइड ओळखले गेले. ३७ मण्यांची ही माळ, आणि तिचे पहिले दोन मणी ल्युसिन या आम्लाचे, म्हणून हे नाव. १९९७ मध्ये बीटा-डिफेन्सिन-२ हाती आले. ही दोन्ही पेप्टाइडे आपल्या श्वासमार्गात बनतात.

ती काम कशी करतात

या पेप्टाइडांच्या माळेत धन विद्युतभार असलेले मणी जास्त असतात. जंतूच्या आवरणावर ऋण भार असतो. विजातीय भार एकमेकांना ओढतात, हे आपण शाळेत शिकलो आहोत. त्यामुळे पेप्टाइड जंतूकडे आपोआप खेचले जाते, त्याच्या आवरणात घुसते आणि तेथे भोके पाडते. भोके पडली की जंतूच्या आतील द्रव्ये बाहेर गळतात, आणि काही मिनिटांतच तो मरतो. आपल्या स्वतःच्या पेशींच्या बाहेरच्या बाजूला असा ऋण भार फारसा नसतो, शिवाय त्यांच्या आवरणात कोलेस्टेरॉल असते, म्हणून त्या बऱ्याच अंशी सुरक्षित राहतात.

न्युमोनियाचा जंतू खाली पोहोचला आणि वाढू लागला की घटना भराभर घडतात. अस्तरातील पेशी जंतूची खूण ओळखतात आणि बीटा-डिफेन्सिन-२ बनवण्याचे काम जोरात सुरू करतात. हाक ऐकून पांढऱ्या पेशी रक्तातून येऊ लागतात. त्यांच्या पोटात डिफेन्सिन आणि एलएल-३७ यांचे साठे आधीच भरलेले असतात. ते त्या जंतूवर रिकामे करतात. ही पेप्टाइडे जंतू मारता मारता आणखी पांढऱ्या पेशींना बोलावण्याचेही काम करतात. पहारेकऱ्याने चोराला धरावे आणि त्याच वेळी शिटीही वाजवावी, तसे हे आहे. १९९८ मध्ये जपानी डॉक्टरांनी दाखवले की जंतुजन्य न्युमोनियाच्या रोग्यांत बीटा-डिफेन्सिन-२ चे प्रमाण वाढलेले असते, ते रक्तातही मोजता येते. २००२ मध्ये जर्मनीतील डॉक्टरांना नवजात अर्भकांतही, संसर्ग झाला असता, श्वासनलिकेतील द्रवात ही पेप्टाइडे वाढलेली आढळली. म्हणजे काही दिवसांचे बाळसुद्धा अगदीच निःशस्त्र जन्माला येत नाही.

ही फळी नसती तर काय झाले असते, तेही पाहिले गेले आहे. एलएल-३७ चा भाऊ शोभेल असे पेप्टाइड उंदरांत असते. ते ज्यांच्यात बनतच नाही अशा उंदरांना न्युमोनियाचा जंतू दिला असता ते इतर उंदरांपेक्षा फार वाईट रीतीने आजारी पडले. हे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले.

मात्र पहारेकरी कितीही चांगला असला तरी त्याला मर्यादा असतात. जंतू फार झाले, शरीर थकलेले असले, किंवा आधी फ्लू होऊन अस्तर सोलवटलेले असले, की फळी फुटते. वायुकोश पू आणि पाणी यांनी भरतात, श्वास जलद होतो, ताप चढतो, छातीत कळ येते. यालाच आपण न्युमोनिया म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०१९ मध्ये पाच वर्षांखालील सुमारे ७ लाख ४० हजार मुले या रोगाने दगावली. अशा वेळी बाहेरची कुमक, म्हणजे अँटिबायोटिक औषध, वेळेवर मिळाले पाहिजे.

फळी दुबळी कशाने होते

पहिले कारण तंबाखूचा धूर. २००९ मध्ये जर्मन डॉक्टरांनी न्युमोनिया झालेल्या रोग्यांची तपासणी केली. सिगारेट ओढणाऱ्यांच्या, आणि पूर्वी ओढत असलेल्यांच्याही घशातील द्रवात व थुंकीत बीटा-डिफेन्सिन-२ चे प्रमाण न ओढणाऱ्यांपेक्षा कमी निघाले. म्हणजे ज्या क्षणी जास्त पहारेकरी हवेत, त्याच क्षणी ते कमी पडतात.

दुसरे कारण आपल्याला थोडे अप्रिय वाटेल. अमिरातीतील घरांत 'बखूर' जाळण्याची प्रथा आहे. सुगंधी लाकूड निखाऱ्यावर ठेवून पाहुण्यांच्या कपड्यांना धुरी देतात. आपल्याकडच्या ऊद-धुपाचाच हा नातलग. २०१३ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी अमिरातीत वापरल्या जाणाऱ्या दोन प्रकारच्या बखुराचा धूर तपासला. त्यात कार्बन मोनॉक्साइड, फॉर्माल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण आढळले. माणसाच्या फुप्फुसातील पेशींवर हा धूर सोडला असता सिगारेटच्या धुराने होतो तसा दाह त्यांच्यात झाला. देवापुढे उदबत्ती लावू नये, असे आमचे म्हणणे नाही. पण खिडक्या बंद करून, ज्या खोलीत बाळ किंवा दम्याचे आजोबा झोपले आहेत त्या खोलीत धूप घालणे टाळावे. देवाला ते आवडणार नाही असे थोडेच आहे?

तिसरी गोष्ट 'ड' जीवनसत्त्वाची. २००६ मध्ये असे दिसून आले की एलएल-३७ बनवण्याची आज्ञा पेशीला मिळण्यात 'ड' जीवनसत्त्वाचा हात असतो. हे जीवनसत्त्व उन्हाने आपल्या कातडीत तयार होते. मग आखाती देशांत तर त्याची चंगळ असायला हवी! प्रत्यक्षात उलटे आहे. अल् ऐनमधील डॉक्टरांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, भर उन्हाळ्यात, अंगावर पाजणाऱ्या माता आणि त्यांची बाळे यांच्यात 'ड' जीवनसत्त्वाची मोठी कमतरता सापडली. ऊन इतके कडक की लोक बाहेर पडत नाहीत, आणि पडले तर अंगभर कपड्यांत.

यावरून कोणी घाईने गोळ्यांची बाटली विकत घेऊ नये, म्हणून पुढचेही सांगतो. अफगाणिस्तानात काबूल येथे सुमारे तीन हजार बाळांवर मोठी चाचणी झाली. निम्म्या बाळांना दर तीन महिन्यांनी 'ड' जीवनसत्त्वाचा मोठा डोस दिला गेला. २०१२ मध्ये निकाल आला, तेव्हा न्युमोनिया होण्याचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच होते. कमतरता असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने ती भरून काढावी, हाडांसाठी ती आवश्यकच आहे. पण एवढ्याने न्युमोनियाला कुलूप लागते असे नाही.

अल् ऐनची प्रयोगशाळा

आता पुन्हा अल् ऐनकडे वळू. इस्पितळाच्या अतिदक्षता विभागात, जेथे रोग्याला यंत्राने श्वास द्यावा लागतो, तेथे अॅसिनेटोबॅक्टर नावाचा एक जंतू ठाण मांडून बसतो. यंत्राची नळी थेट श्वासनलिकेत असते, त्यामुळे लव, शेंबूड आणि घसा या सर्व चौक्या ओलांडून जंतू फुप्फुसात उतरतो व न्युमोनिया होतो. इराकच्या युद्धात जखमी झालेल्या अमेरिकी सैनिकांत हा जंतू इतका आढळला की त्याला 'इराकीबॅक्टर' असे टोपणनाव पडले. बऱ्याच अँटिबायोटिक औषधांना तो दाद देत नाही.

कॉनलन यांनी आपल्याच विद्यापीठातील जंतुशास्त्रज्ञ तिबोर पाल आणि अॅग्नेस सोनेवेंड यांच्याबरोबर या जंतूवर बेडकांची पेप्टाइडे वापरून पाहिली. युरोपातील एका भेकाच्या कातडीत अॅलिटेसेरिन नावाचे पेप्टाइड मिळाले होते. या जातीत अंड्यांची माळ पायाला गुंडाळून नर ती सांभाळतो, म्हणून त्याला दाई-भेक म्हणतात. संशोधकांनी त्या पेप्टाइडाच्या माळेतील चौथा मणी बदलला. तेथे ऋण भाराचे आम्ल होते, त्याऐवजी धन भाराचे लायसिन बसवले. इतक्याशा बदलाने त्याचा मारा वाढला, आणि २०१० मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले की अनेक औषधांना न जुमानणाऱ्या अॅसिनेटोबॅक्टरला ते झपाट्याने मारते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बोस्टन येथील रसायनशास्त्रज्ञांच्या मोठ्या संमेलनात कॉनलन यांनी आपले काम मांडले, तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्याची दखल घेतली. पुढे ते उत्तर आयर्लंडमधील अल्स्टर विद्यापीठात गेले व तेथे हे काम चालू ठेवले.

मराठी मुलूखही यात मागे नाही. मुंबईत परळ येथील राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतील संशोधकांनी जगभर सापडलेल्या जंतुनाशक पेप्टाइडांची एक संगणकीय नोंदवही तयार केली आणि २०१० मध्ये ती सर्वांना खुली केली. कोणत्याही देशातील अभ्यासक तीत शोध घेऊ शकतो. दुसरी गोष्ट पुण्याची. २०१५ मध्ये आनंद पाध्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय द्वीपकल्पातील एका बेडकाला नवी जात म्हणून ओळखले आणि नाव दिले 'बहुविस्तार'. मराठी वाचकाला या नावाचा अर्थ सांगायला नको. दोनच वर्षांनी, २०१७ मध्ये, केरळमधील आणि अमेरिकेतील संशोधकांना याच बेडकाच्या कातडीत फ्लूच्या काही विषाणूंना मारणारे पेप्टाइड सापडले. केरळमधील 'उरुमी' या लवचिक तलवारीवरून त्याचे नाव उरुमिन ठेवले. फ्लू झाल्यावर त्याच्या पाठोपाठ न्युमोनिया येतो, म्हणून हा शोधही आपल्या विषयाला लागूनच आहे.

मग ही औषधे दुकानात का मिळत नाहीत? कारणे तीन. पोटात किंवा रक्तात गेली की शरीरातील पाचक द्रव्ये या माळा तोडून टाकतात. मात्रा जास्त झाली तर आपल्या तांबड्या पेशीही फुटू शकतात. आणि त्या बनवायला खर्च फार येतो. झॅसलॉफ यांच्या मॅगेनिनपासून मधुमेही रोग्यांच्या पायाच्या जखमेसाठी मलम तयार झाले होते, पण १९९९ मध्ये अमेरिकी सरकारने त्याला मान्यता दिली नाही.

खरी काळजीची गोष्ट

एक पेप्टाइड औषध मात्र फार वर्षांपासून वापरात आहे. त्याचे नाव कोलिस्टिन. ते मातीतील एका जंतूपासून मिळते, आणि आपल्या फुप्फुसातील पेप्टाइडांप्रमाणेच धन भाराच्या जोरावर काम करते. मूत्रपिंडांना त्रास देते म्हणून डॉक्टरांनी ते बाजूला ठेवले होते. इतर औषधे निकामी होऊ लागली तेव्हा अॅसिनेटोबॅक्टरसारख्या जंतूंवर शेवटचा उपाय म्हणून ते पुन्हा बाहेर काढावे लागले. दरम्यान अनेक देशांत हेच कोलिस्टिन डुकरांच्या व कोंबड्यांच्या खाद्यात मिसळले जात होते. आजारासाठी दिले जात होते, आणि जनावरे लवकर वाढावीत म्हणूनही दिले जात होते.

परिणाम व्हायचा तो झाला. २०१५ मध्ये चीनमध्ये असा एक जनुक सापडला, जो जंतूच्या आवरणावरील ऋण भार कमी करतो. भार कमी झाला की कोलिस्टिन त्याच्याकडे ओढलेच जात नाही. हा जनुक एका जंतूकडून दुसऱ्या जंतूकडे सहज जातो. २०१६ मध्ये अल् ऐनच्याच जंतुशास्त्रज्ञांनी अरबी द्वीपकल्पातील रोग्यांच्या जंतूंतही तो असल्याचे दाखवले. चीनने २०१७ मध्ये वाढीसाठी कोलिस्टिन घालणे बंद केले. भारताने २०१९ मध्ये खाद्य-जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी घातली.

आता वाचकांनी थोडे थांबून विचार करावा. कोलिस्टिन आणि आपले एलएल-३७ यांची युक्ती एकच आहे. जंतू एकापासून वाचायला शिकला तर दुसऱ्यापासूनही वाचायला शिकणार नाही कशावरून? ही शंका शास्त्रज्ञांनी २००३ पासून बोलून दाखवली होती. २०२३ मध्ये ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी प्रत्यक्ष प्रयोग केला. हा जनुक असलेले जंतू माणसाच्या आणि जनावरांच्या नैसर्गिक पेप्टाइडांनाही अधिक दाद देईनासे झाले, असे त्यांना आढळले.

आजवर आपण असे समजत होतो की औषधाचा गैरवापर केला तर फार तर ते औषध बोथट होईल, आणि शास्त्रज्ञ दुसरे शोधतील. या प्रयोगाने निराळे दाखवले आहे. काही औषधांच्या उधळपट्टीने जन्मतः मिळालेले, आईच्या पोटातून घेऊन आलेले शस्त्रही बोथट होऊ शकते. ते बाजारात दुसरे मिळणार नाही. म्हणूनच बेडकांच्या पेप्टाइडांची औषधे उद्या आली, तरी ती फार जपून वापरावी लागतील.

आपल्या घरात काय करावे

साध्या सर्दी-पडशाला अँटिबायोटिक लागत नाही. ते विषाणूंचे काम असते आणि त्यावर या गोळ्या चालत नाहीत. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या नाहीत म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊन त्या मागू नयेत. शेजारणीच्या उरलेल्या पाकिटातील दोन गोळ्या घेणे, किंवा डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळ्या 'बरे वाटते' म्हणून आपल्या मनाने मध्येच सोडणे, या दोन्ही सवयी मोडल्या पाहिजेत.

त्याच वेळी, ज्याला खरोखर न्युमोनिया आहे त्याला औषध मिळण्यास उशीर होता कामा नये. आपल्याकडे हिवाळ्यात वाक्वा-क्युरपिपच्या दमट थंडीत घराघरांत खोकला चालू असतो. हळदीचे दूध, आल्याचा काढा, ओव्याचा शेक यांनी घशाला आराम पडतो, जरूर द्यावे. पण फुप्फुसात पू भरला असेल तर काढ्यावर दिवस काढणे धोक्याचे आहे.

हा धोका ओळखण्याची एक सोपी रीत महाराष्ट्रातील गडचिरोली जिल्ह्याने जगाला दाखवली. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने खेड्यांतील कार्यकर्त्यांना व दायांना मुलांचे श्वास मोजून न्युमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवले. १९९० मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले की त्यामुळे न्युमोनियाने होणारे बालमृत्यू घटले. ना एक्स-रे, ना इस्पितळ. बाळाच्या छातीकडे पाहून एक मिनिट मोजायचे.

ही मोजणी आपल्यालाही जमेल. बाळ शांत असताना, रडत नसताना, पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे ६० किंवा त्याहून अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास भरले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, किंवा बाळ पीत नसेल, तर सकाळपर्यंतही थांबू नये. वृद्ध माणसांत ताप नसतानाही न्युमोनिया असू शकतो. आजी अचानक असंबद्ध बोलू लागल्या, जेवेनाशा झाल्या, धापा टाकू लागल्या, तर 'वय झाले' म्हणून सोडून देऊ नये.

मुलांना आणि वृद्धांना न्युमोकोकसची व फ्लूची लस कोणत्या वेळी द्यावी, हे आपल्या आरोग्य केंद्रात विचारून घ्यावे. घरात सिगारेट ओढू नये. स्वयंपाकाचा, कचऱ्याचा आणि धुपाचा धूर बाळाच्या खोलीत कोंडू देऊ नये. बाळाला पहिले सहा महिने आईचेच दूध द्यावे. त्या दुधात लायसोझाइम असते आणि इतरही संरक्षक द्रव्ये असतात.

आपल्या छातीत दिवसरात्र पहारा देणारी ही फळी पगार मागत नाही, रजा घेत नाही. तिला धुरात कोंडू नये, आणि जंतूंना तिच्याविरुद्ध तालीम मिळेल असे औषधांचे खेळ करू नयेत, एवढे तरी आपल्या हातात आहे.